एका मालाला दोन भाव का?



अध्यक्षानं शेवटी उठावं, सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवावा आणि आभारप्रदर्शनाला वाट करून द्यावी असा आपल्याकडे प्रघात आहे. सकाळपासून या मांडवात जे ऐकलं, त्यानंतर मला तो पाळता येणार नाही. एका बाजूनं गर्जना झाली की मोठ्या दुकानांना वाडीच्या वेशीवरच अडवा. दुसऱ्या बाजूनं विचारलं की लोकांना स्वस्त मिळतंय, तर तुमच्या पोटात का दुखतं? टाळ्या दोघांनाही पडल्या. माझं भांडण दोघांशीही आहे, कारण खरं दुखणं कुठं आहे ते दोघांनीही सांगितलं नाही.

मी दुकानदार नाही. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि संसार केला. किराणा रोखीनं भरला, उधारीवरही भरला. गल्लीतल्या दुकानात जाते, तशी मोठ्या दुकानातही जाते. तेव्हा मी जे बोलणार आहे ते ग्राहक म्हणून आणि या गावची रहिवासी म्हणून.

आधी आपलं गाव नीट बघा. नागपूर महापालिकेच्या हद्दीला लागून, अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना वाडी पसरली आहे. इकडे अंबाझरीचा आयुध कारखाना आणि डिफेन्सच्या वसाहती, तिकडे हिंगण्याची एमआयडीसी, आणि मधे ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि गोदामं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागला, राज्यांच्या सीमेवरचे नाके उठले, आणि देशाच्या मध्यावरच्या नागपूरला मालाचा साठा करणं कंपन्यांना आणखी सोयीचं झालं. तो साठा मोठ्या प्रमाणात आपल्या गावात येतो. साबण, बिस्किटं, चहापत्ती, टूथपेस्ट, तेलाचे डबे यांनी भरलेले ट्रक इथं रिकामे होतात. आपली पोरं पाठीवर पेट्या वाहतात, आपल्या बाया गोदामात बसून पॅकिंग करतात. विदर्भात आणि शेजारच्या राज्यांत जाणारा किती तरी माल आधी आपल्या अंगणात उतरतो.

आणि त्याच मालाची एक पेटी आपल्या गावच्या किराणा दुकानात जाताना महाग होते, दुसरी मोठ्या दुकानाच्या फळीवर जाताना स्वस्त होते. माझं सगळं भाषण एवढ्या एका गोष्टीवर आहे.

गेल्या महिन्यात आपल्याच गावातल्या एका दुकानदारभाऊंनी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक होतं वितरकाचं बिल, दुसरी होती मोठ्या दुकानातली खरेदीची पावती. वस्तू एक, वजन एक, छापील किंमतही एक. पावतीवर ग्राहकाला लावलेला भाव हा वितरकानं दुकानदाराला लावलेल्या भावापेक्षा कमी होता. म्हणून तो माणूस शटर उघडण्याआधी स्कूटर काढतो, मोठ्या दुकानात रांगेत उभा राहतो, दोन पिशव्या भरून आणतो आणि तोच माल स्वतःच्या दुकानात विकतो. आज असे दुकानदार गावोगावी भेटतात. ज्याला घाऊक भावानं माल मिळायला हवा, त्याच्यावर किरकोळ ग्राहक बनून आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या काउंटरवर उभं राहण्याची पाळी आली आहे. याला स्पर्धा म्हणायला मी तयार नाही.

हे एकट्या वाडीचं गाऱ्हाणं नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या वितरकांच्या अखिल भारतीय महासंघानं २०२१ च्या अखेरीस कंपन्यांना जाहीर इशारा दिला. परंपरेनं चालत आलेल्या वितरकाला ८ ते १२ टक्के नफा सुटतो आणि घाऊक व्यापारात उतरलेल्या बड्या कंपन्यांना १५ ते २० टक्के मिळतो, ही त्यांची तक्रार होती. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या मालावर बहिष्कार घालायला सुरुवात केली. वर्षभरात देशातली दोन लाख किराणा दुकानं बंद पडली, असा दावा याच महासंघानं २०२४ मध्ये केला. तो आकडा कुणी खोडून काढायचा तर खुशाल काढावा. पण आपल्या गल्लीत कायमची खाली आलेली शटरं मोजायला महासंघाची गरज नाही, ती आपल्याला दिसतात.

सकाळी एका तरुण वक्त्यानं सांगितलं, "जो ट्रकभर घेतो त्याला स्वस्त मिळणारच." बरोबर आहे. ट्रकभर घेतला की वाहतूक वाचते, पैसे लवकर दिले की व्याज वाचतं. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ साली पवईत निघालं. जागा शक्यतो मालकीची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकवायचे, झगमगाटावर खर्च करायचा नाही, या शिस्तीवर त्यांनी चारशेच्या पुढे दुकानं नेली. ही शिस्त त्यांच्या कष्टाची आहे आणि आपल्या दुकानदारांनी ती शिकावी. अशा बचतीतून भाव कमी झाला तर मी तक्रार करणार नाही. पण बचत संपते तिथून पुढची सूट ताकदीची असते. "एवढी सूट द्या, नाहीतर तुमचा माल फळीवर लागणार नाही," असं जो कंपनीला बजावू शकतो त्याला ती मिळते. आणि एकाला दिलेली सूट कंपनी दुसऱ्याच्या भावातून भरून काढते. तो दुसरा म्हणजे आपला दुकानदार, आणि त्याच्यामागे उभे असलेले आपण.

बाजाराच्या स्वातंत्र्याचे धडे आपल्याला जे देश देतात, त्यांनी घरी काय केलं ते पाहा. अमेरिकेनं १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा केला. एकच माल दोन व्यापाऱ्यांना दोन भावांनी विकून स्पर्धा मोडायला त्या कायद्यानं मनाई केली. ब्रिटननं २०१३ मध्ये मोठ्या सुपरमार्केटांनी पुरवठादारांना पिळू नये म्हणून वेगळा लवाद-अधिकारी नेमला. फ्रान्सनं १९७३ मध्येच ठरवलं की ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठं दुकान काढायचं तर स्थानिक आयोगाची परवानगी घ्यावी लागेल, आणि जपाननंही त्याच वर्षी मोठ्या दुकानांसाठी कायदा केला. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यातही भेदभावाच्या किमतीला मनाई आहे, पण ती बाजारात प्रभुत्व असलेल्या कंपनीपुरती. ते प्रभुत्व दिल्लीला जाऊन सिद्ध कोण करणार? दहा बाय बाराच्या दुकानात सकाळी सहा ते रात्री दहा उभा असलेला माणूस?

आपले राजकीय पक्ष या प्रश्नावर लढलेच नाहीत असं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारनं अनेक ब्रँडच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मान्यता दिली, आणि २० सप्टेंबरला भारत बंद झाला. त्या बंदमध्ये प्रश्न विचारला गेला तो एवढाच, की दुकान परदेशी की देशी? मी तेव्हापासून म्हणते आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. दुकानदाराच्या गल्ल्याला मालकाचा पासपोर्ट कळत नाही. आपण पुढच्या दारावर पहारा देत बसलो आणि मागचं दार सताड उघडं राहिलं. २०१८ मध्ये वॉलमार्टनं १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला. याच अमरावती रोडनं सरळ गेलं की अमरावतीत वॉलमार्टचं घाऊक विक्रीचं दुकान उभं राहिलं होतं. २०२० मध्ये तो सगळा घाऊक धंदा फ्लिपकार्टकडे गेला. मेट्रो या जर्मन कंपनीचा भारतातला घाऊक व्यवसाय २०२३ मध्ये रिलायन्सनं घेतला. मालक बदलत राहिले. आपल्या दुकानदाराच्या बिलावरचा भाव मात्र होता तिथंच राहिला.

मोठं दुकान आलं की गावाचा विकास झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी बिग बाजार आठवावा. २००१ साली सुरू झालेली ती साखळी देशभर पसरली, नागपुरातही तिची दुकानं होती. कर्ज वाढलं, तिच्यावरून दोन बड्या कंपन्यांचा वाद कोर्टात गेला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानांचा ताबा रिलायन्सकडे जायला लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये ती साखळी चालवणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिथं काम करणाऱ्या पोरापोरींना, तिथं माल देणाऱ्या लहान पुरवठादारांना कुणी विचारलं नाही. ज्या वस्तीतली लहान दुकानं अशा साखळीनं आधीच गिळली असतील, तिथं साखळी बुडाली की लोकांनी जायचं कुठं? गावाचा सगळा किराणा एका दाराशी बांधून ठेवू नका, एवढंच माझं सांगणं आहे.

आता वळते "लोकांना स्वस्त मिळतंय" म्हणणाऱ्यांकडे. कुठल्या लोकांना? ज्यांचा पगार एक तारखेला खात्यात जमा होतो, ज्यांच्या दाराशी गाडी आहे, ज्यांच्या स्वयंपाकघरात पाच किलो डाळ आणि पंधरा लिटर तेल ठेवायला जागा आहे, त्यांना. संध्याकाळी सात वाजता कुठल्याही वस्तीतल्या किराणा दुकानासमोर अर्धा तास उभे राहून बघा. गोदामातून सुटलेली बाई येते. हातात आजची मजुरी. पावभर तूरडाळ, दहा रुपयांचं तेल, पाचची चहापत्ती, एक साबणाची वडी. लेकराला बिस्किटाचा पुडा हवा असतो, पैसे संपलेले असतात. दुकानदार पुडा देतो आणि वहीत लिहून ठेवतो. मोठ्या दुकानातल्या "एकावर एक मोफत"चा तिला काय उपयोग? दोन घ्यायला आधी एकाचे पैसे लागतात.

त्या वहीची किंमत कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. आजारपणात, लग्नकार्यात, कंत्राट संपल्यावर, पगार रखडल्यावर आपली किती तरी घरं त्या वहीवर चालली. व्याज नाही, तारण नाही, कागदपत्रं नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत मॉल कुलूपबंद होते आणि गल्लीतलं दुकान अर्ध्या शटरनं उघडं होतं. तेव्हा हात जोडून "भाऊ, थोडी साखर द्या" म्हणणारे आपणच होतो. आज तेच दुकान बंद पडताना "हा बाजाराचा नियम आहे" असं म्हणणाऱ्याला मी कृतघ्न म्हणेन. हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

स्वस्ताई हवीच. ती त्या बाईलाही मिळाली पाहिजे. दुकानदाराला कंपनीकडून रास्त भावात माल मिळाला, तरच तिच्या पावभर डाळीवरचे चार पैसे कमी होतील. म्हणून दुकानदाराच्या खरेदीचा भाव हा वाडीतल्या गरिबाच्या ताटाचा प्रश्न आहे.

बाजारात बसणाऱ्या माझ्या ताईंबद्दल सकाळपासून कुणी शब्द काढला नाही. मेथी, पालक, सांबाराच्या जुड्या घेऊन ऊनपावसात बसणाऱ्या या बायका देखील दुकानदारच आहेत. गावोगावी दिसतं ते असं की रस्ता मोकळा करायचा म्हटलं की आधी त्यांची पाटी उचलली जाते, आणि मोठ्या दुकानासमोर आडव्यातिडव्या लागलेल्या चारचाकींना कुणी हात लावत नाही. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. सर्वेक्षण करून विक्रीचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय विक्रेत्याला हटवता येत नाही. हलवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं लागतं. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. ताई, हा तुमचा हक्क आहे. कुणी उठवायला आलं तर रडू नका, हात जोडू नका. प्रमाणपत्र दाखवा. ते मिळालं नसेल तर सर्वेक्षण मागा.

आता दुकानदार बंधूंनो, जरा सावरून बसा. तुमची बाजू मी मांडली, आता तुम्हाला बोलते. मुदत संपलेला माल फळीच्या मागच्या रांगेत अजून का असतो? थंड पेयाच्या बाटलीवर छापील किमतीच्या वर दोन रुपये कसले घेता? बिल मागितलं की कपाळाला आठ्या का पडतात? काट्याची पडताळणी वेळेवर केली का, हे ग्राहकानं विचारलं तर तो शत्रू होतो का? मोठ्या दुकानात बाई दहा डबे उचलून बघते, किंमत वाचते, परत ठेवते, तिला कुणी टोकत नाही. तुमच्याकडे तिनं दुसऱ्यांदा भाव विचारला की तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. ती बाई गेली ती निव्वळ स्वस्ताईसाठी गेली, या भ्रमात राहू नका. मान मिळाला म्हणूनही गेली.

आणखी एक. तुमच्या दुकानात पोतं उचलणाऱ्या पोराला आठवड्याची सुटी आहे का? राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेपुढे असेल तिथंच पूर्णपणे लागू होतो, म्हणून त्या मर्यादेच्या आत माणुसकी ऐच्छिक ठरते का? कंपनीकडे न्याय मागायला निघालात, तर आपल्या उंबऱ्याच्या आत तो आधी द्यावा लागेल. मोठ्या दुकानात कंत्राटावर दिवसभर उभ्या असलेल्या आपल्या गावच्या पोरींबद्दलही मी हेच मागते. बसायला स्टूल, नियमाची सुटी, पूर्ण पगार. मालक मोठा की छोटा, हे बघून मागणी बदलणार नाही.

"बंदी घाला" म्हणणाऱ्यांना माझा साधा सवाल आहे. बंदी घातली, मग पुढे काय? वाडीत अडवाल, तर लोक नागपुरात जातील. नागपूर इथून किती लांब आहे? आणि आता तर मोबाइलवर बोट ठेवलं की सामान दाराशी येतं. बंदीची मागणी करणं सोपं असतं, कारण ती केल्यावर आपल्याला स्वतःला काही करावं लागत नाही.

करायचं काय ते १८९८ साली बर्लिनच्या किराणा दुकानदारांनी दाखवलं. ते एकत्र आले, सामाईक खरेदीचा संघ काढला आणि मालक म्हणून आपापल्या दुकानात बसून राहिले. त्यातून उभी राहिलेली एडेका आज जर्मनीतला सर्वांत मोठा किराणा व्यवसाय आहे आणि तिची मालकी आजही स्वतंत्र दुकानदारांच्या सहकारी संघांकडे आहे. त्याच जर्मनीतून २००६ मध्ये वॉलमार्टला गाशा गुंडाळावा लागला. आणि इतक्या दूर कशाला जायचं? वारणानगरला तात्यासाहेब कोऱ्यांच्या सहकारातून वारणा बझार उभा राहिला आणि मोठं दुकान खेड्यातल्या लोकांच्या मालकीचं असू शकतं हे महाराष्ट्रानं पाहिलं. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीची कुटुंबं गट करून महिन्याचा माल एकत्र घेतात. सहकाराचा एवढा डंका पिटणाऱ्या राज्यात वाडीचे दुकानदार मात्र एकेकटे वितरकाच्या सेल्समनची वाट बघत बसतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे. संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसं लागतात. या मांडवात पहिल्या दोन रांगांतच त्याहून जास्त दुकानदार बसले आहेत. गोदामं आपल्या गावात, ट्रक आपल्या गावात, हमाली करणारे आपल्या गावचे. साठवण आणि वाहतूक या दोन गोष्टींसाठी इतर गावांना वणवण करावी लागते, त्या वाडीला घरबसल्या मिळाल्या आहेत. कमी आहे ती एका गोष्टीची. शेजारच्या दुकानदाराला आपला खरेदीभाव सांगायची तुमची तयारी नाही. समोरच्याचं दुकान बंद पडलं की आपलं गिऱ्हाईक वाढेल, हा हिशेब तुम्ही मनात करत बसता, आणि तेवढ्यात दोघांचंही गिऱ्हाईक तिसरीकडे जातं.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं तीन ठराव मांडते. पहिला: कंपन्यांनी आणि त्यांच्या वितरकांनी मालाचे घाऊक दर व सूट यांचे नियम उघड करावेत आणि सामाईक खरेदी करणाऱ्या दुकानदारांच्या संघाला तेवढ्याच मालासाठी मोठ्या दुकानाइतकाच भाव द्यावा, तसा कायदा राज्य आणि केंद्रानं करावा. दुसरा: वाडी नगर परिषदेनं कुठल्याही मोठ्या दुकानाला बांधकाम परवानगी देताना वाहनतळ, रस्त्यावरचा भार आणि आठवडी बाजाराची जागा यांचा विचार जाहीर सुनावणीत करावा, आणि पथविक्रेत्यांचा कायदा शब्दशः पाळावा. तिसरा ठराव आपल्या स्वतःसाठी: वाडीतल्या किराणा दुकानदारांची सामाईक खरेदी संस्था स्थापन करावी, आणि तिच्या देखरेख मंडळावर ग्राहक बायकांना जागा द्यावी. ही अट सोडायला मी तयार नाही. आमच्या पैशावर संस्था चालणार असेल, तर तिच्या भावावर आमचीही नजर राहील.

पहिले दोन ठराव निवेदनाचे आहेत, त्यासाठी मोर्चे काढू, मुंबई-दिल्लीचे दरवाजे ठोठावू. तिसऱ्यासाठी कुणाकडे जायचं कारण नाही. व्यासपीठाच्या उजव्या बाजूला टेबलावर सभासद नोंदणीचं रजिस्टर ठेवलं आहे. वर्गणीची पावती तिथंच मिळेल. सकाळी माईकवर सर्वांत मोठ्यानं ओरडलेल्या बंधूंनी आधी तिथं जावं. दहा सह्या झाल्याशिवाय मी ही सभा संपल्याचं जाहीर करणार नाही.